कुणाची मांजर?

रस्त्याच्या कडेला मांजर जखमी होऊन पडलेली दिसली की आपल्या माणसाच्या तोंडातून पहिला शब्द निघतो, ‘कुणाची हाय?’ लागलंय कुठं, जिती हाय का मेली, हे नंतर. आधी मालक. आणि मालक सापडला नाही की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘बेवारस हाय, सोडा.’ माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे. ती बोलणारी माणसं माझ्याच गावची, भावकीतली, म्हणून जरा स्पष्टच लिहितो.

आमचा भाग मंगळवेढ्याचा. काळी जमीन आणि मालदांडी ज्वारी. पूर्वी ज्वारी पेवात नाही तर कणगीत असायची, आता पत्र्याच्या कोठीत आणि पोत्यात असते. पोत्याला भोक पाडायला उंदराला एक रात्र पुरते. खाईल ते थोडं, नासवील ते जास्त. लेंड्या आणि मुतानं खराब झालेली ज्वारी निवडत बसणाऱ्या बायकांना विचारा. या उंदराच्या मागं रात्रभर कोण असतं? मांजर. तिला कुणी बाजारातून विकत आणलेली मी साठ वर्षांत बघितली नाही. शेजारी पिलं झाली की एक उचलून आणायचं, झालं. पगार म्हणजे ताक-भाकरीचा काला, तोही उरला तर. दिवसा एकाच्या गंजीवर झोपते, रात्री दुसऱ्याच्या कोठीखाली बसते, पिलं तिसऱ्याच्या माळवदावर घालते. पाच घरांची राखण करते आणि कुणाच्याच दावणीला नसते. उंदीर तोंडात धरून निघाली की पाचही घरं म्हणतात, ‘आमची मांजर.’ तीच गाडीखाली सापडली की पाचही घरं विचारतात, ‘कुणाची हाय?’

सोलापूर-सांगली रस्ता चौपदरी झाला. चांगलंच झालं, माझं डाळिंब लवकर जातं, रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानं कैक वस्त्या एका बाजूला आणि त्यांचं रान दुसऱ्या बाजूला केलं. माणसाला जायला बोगदा ठेवलाय, मांजरीला कोण सांगणार बोगद्यातनं जा म्हणून? रात्री दिव्याचा झोत डोळ्यावर आला की ती जागच्या जागी थिजते. आणि आपल्या लोकांची तऱ्हा बघा. मांजर आडवी गेली की गाडी थांबवतात, थुंकतात, कुणीतरी पुढं जाईस्तोवर वाट बघतात. तीच आडवी पडलेली असली की थांबत नाहीत. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, हे आमच्या आजीनं सांगितलेलं. मारण्याला एवढा दंड! पण पडलेली बघून पुढं जाणाऱ्याला काय, ते कुणी सांगून ठेवलं नाही, आणि तेवढी फट आपल्याला पुरली.

पंढरपूर आम्हाला हाकेच्या अंतरावर. सप्ताह बसला की कीर्तनात नाथांचं गाढव येतंच येतं. काशीहून रामेश्वराला नेत असलेली कावड नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, म्हणताना बुवांचा गळा दाटतो, बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात. बरं, त्या गोष्टीत ‘गाढव कुणाचं?’ असं नाथांनी विचारल्याचं मी कुठल्या बुवाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि कीर्तन सुटल्यावर मांडवाबाहेर कुणाच्या फटफटीखाली कुत्रं केकाटलं, तर तीच मंडळी चपला शोधत निघून जातात.

एक घडलेलं सांगतो. ज्वारीची काढणी चालली होती, फेब्रुवारीचा शेवट. नातवाला घेऊन सकाळी रानात निघालो, तर फाट्यावरच्या चहाच्या टपरीपुढं पाचसहा जण गोल करून उभे. मधे करड्या पट्ट्यांची मांजर. पुढच्या दोन पायांवर रेटा देऊन सरकत होती, मागचे दोन्ही फरफटत येत होते. एक जण मोबाईलमध्ये शूटिंग घेत होता. दुसरा म्हणाला, “तात्या, पाणी वता की तोंडात.” तिसऱ्याच्या खिशात तापाची गोळी होती, ती चुरून घालायला निघाला होता. पाणी नको, गोळी नको म्हणून मी दोघांनाही आडवलं. टपरीवाल्याकडून गोणपाट घेतलं, तोंडासकट तिच्यावर टाकलं आणि तशीच आडवी उचलून टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली. वर दुसरं क्रेट पालथं घातलं, सुतळीनं बांधलं. दुखणाऱ्या अंगाला हात लागला की घरची मांजरसुद्धा चावते, त्यामुळं उघड्या हातानं धरायचंच नाही.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथला माणूस म्हणाला, “मामा, हितं गाई-म्हशी बघतो आम्ही. मालकाचं नाव काय लिवू?” म्हटलं, लिही माझं. मालकाच्या रकान्यात नाव आलं आणि मांजर आत गेली. म्हणजे तिची माकडहाडाजवळची हाडं मोडली होती म्हणून नव्हे, रकाना भरला म्हणून. ‘पशुधन’ शब्दातच गोम आहे. जे दूध देतं, ओढतं, विकलं जातं ते धन. पोत्यातली ज्वारी वाचवणं ही मिळकत कुठल्या वहीत मांडतात?

डॉक्टर मात्र भला माणूस निघाला. त्यानं जे समजावलं ते इथं उतरवून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. धडक बसलेल्या मांजरीच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेते. जखमेला फिनेल किंवा डेटॉल लावायचं नाही, ती अंग चाटते आणि ते पोटात जातं. कोमट पाण्यात थोडं मीठ घालून धुवायचं. पहिल्या दिवशी तिनं लघवी केली का याच्यावर नजर ठेवायची. केली नाही तर परत आणायची, कारण आत मूत्राशय फुटलेलं असू शकतं. कमरेच्या हाडाला प्लॅस्टर नसतं, बऱ्याचदा ती अरुंद जागेत सहा आठवडे पडून राहिली की हाड आपोआप धरतं. आणि चावली किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्यायची, मांजर पाळलेली असो नाहीतर भटकी. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 नंबर आहे, तोही फोनमध्ये घालून ठेवा.

सगळं मिळून साडेसातशे रुपये गेले. तेवढ्यात गावात तोंडं सुटली. ‘माणसं मरायला लागलीत, विम्याचे पैसे न्हाईत, आन् तात्या मांजरीला सुया टोचून आणतोय.’ पीकविम्याच्या मोर्चात मी चार वेळा गेलोय. हे बोलणाऱ्यांपैकी एक जणसुद्धा मला तिथं दिसला नाही. माणसाचं नाव पुढं करायचं ते मांजरीसाठी थांबायला नको म्हणून, आणि माणूस पडला की पोलिसांचं लचांड नको म्हणून पुढं जायचं. ‘हे शहरातल्या लोकांचे लाड,’ असंही एक जण म्हणाला. शहरात मांजर गादीवर झोपते, ते लाड असतील. आमच्याकडं ती कामाला आहे. कामावर असताना लागलेल्या गड्याला दवाखान्यात नेलं तर त्याला कुणी लाड म्हणतं का?

कायद्यानंसुद्धा हे समजून घ्यायला वेळ लावला. 1860 च्या भारतीय दंड संहितेत जनावर मुद्दाम मारलं, विष घातलं, लुळं केलं तर शिक्षा होती, पण बैल, म्हैस, घोडा असला तर किंमत न विचारता, आणि बाकीच्यांना किंमत लावून, दहा रुपये, पन्नास रुपये. मांजरीचे दहा रुपये कोर्टात कोण सिद्ध करणार? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 325 मधून ही किंमत गेली. आता कुठलाही प्राणी असो, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नातवाच्या शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानांवर मूल कर्तव्यं छापलेली असतात, त्यातही प्राण्यांवर दया करायला सांगितलंय. पोरं ती पानं उलटून धड्यावर जातात. मास्तरही धड्यावरच जातात.

सहा आठवड्यांनी क्रेट उघडलं. थोडी लंगडत होती, पण भिंतीवर चढली. तिसऱ्या दिवशी उठून पलीकडच्या वस्तीवर गेली ती तिथंच राहिली. आमची ज्वारी तोवर विकून झाली होती, त्यांची घरात होती. उंदीर जिथं, तिथं ती. लोक हसले, “खर्च तात्याचा आन् मांजर त्यांची.” हसू दे. औंदा त्या वस्तीवाल्यानं टपरीवर सगळ्यांच्या देखत छाती पुढं काढून सांगितलं, “आमची मांजर लय कामाची, एक पोतं कुरतडू दिलं न्हाई.” मी विचारलं, आता मालक सापडलाच हाय, तर साडेसातशेचं काय करायचं? त्यानं चहा अर्धा ठेवला आणि म्हशीची धार काढायची राहिलीय म्हणत उठला. सकाळचे अकरा वाजले होते.