खुब्यातला धातू आणि रुग्णाचा हक्क

संधिवाताने खुबा झिजलेल्या, पण धावपळीचे आयुष्य जगणाऱ्यांना ‘हिप रिसरफेसिंग’ ही शस्त्रक्रिया आशा दाखवते. संपूर्ण सांधेबदलात मांडीच्या हाडाचे डोके कापून टाकतात; येथे ते राखून त्यावर धातूची टोपी बसवतात. टेनिसपटू अँडी मरे याने जानेवारी २०१९ मध्ये ती करून घेतली आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली.

पण धातूवर धातू घासला की कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरतात. लहान हाडांच्या स्त्रियांत धोका अधिक. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीने ‘एएसआर’ सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. त्यांत रिसरफेसिंगचाही सांधा होता. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हे सांधे वापरले गेले होते. अमेरिकेत २०१३ साली सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले. अमेरिकेतल्या रुग्णाचे हाड महाग आणि आमचे स्वस्त, हा कुठला न्याय?

उपकरण सदोष निघाल्यास भरपाईची स्पष्ट तरतूद आपल्या औषध कायद्यात नव्हती. अनेक रुग्णांचा तर पत्ताच लागला नाही. ऑस्ट्रेलियात सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे दोष लवकर उघड झाला. तशी नोंद येथे सक्तीची झाली पाहिजे आणि भरपाई ही मेहरबानी नव्हे, कायदेशीर हक्क ठरली पाहिजे.

तोवर शस्त्रक्रियेपूर्वी सांध्याचे नाव विचारा. बॅच क्रमांकाचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि ते कागद जपा. न्यायालयात वेदना दिसत नाही, कागद दिसतो.