कुलगुरू महोदय, आधी वर्गात शिक्षक द्या

मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर



४ ऑगस्ट १९२३ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले, सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. पुढे १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, २०११ मध्ये गोंडवाना. ते योग्यच झाले. सिरोंच्याच्या मुलाने गुणपत्रिकेतल्या एका चुकीसाठी नागपूरच्या खेपा का घालाव्यात? डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली एलआयटी ही तंत्रज्ञान संस्थाही २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. तेव्हा बदलाला माझा विरोध आहे, असे कृपया समजू नये.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या आणि अधिष्ठाते निवडून येण्याऐवजी पूर्णवेळ नेमले जाऊ लागले. मग राष्ट्रीय शिक्षण धोरण आले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, श्रेयांक हे शब्द पहिल्या सत्राच्या पोरांनाही पाठ झाले. विषय निवडायची मोकळीक मिळणार, हे वाचून मलाही आनंद झाला होता. प्रत्यक्षात लहान गावातल्या महाविद्यालयात ज्या विषयाला शिक्षक आहे, तोच विषय विद्यार्थ्याने ‘निवडलेला’ ठरतो. तत्त्वज्ञानाची जागा भरलीच नसेल, तर तत्त्वज्ञान मायनर म्हणून घेणार कोण आणि शिकवणार कोण?

आज हा गाडा तासिका तत्त्वावरचे शिक्षक ओढताहेत. त्यांचा दिवस एकदा जवळून बघा. सकाळी एका गावात दोन तासिका, मग एसटीने दुसऱ्या गावी आणखी दोन. प्रत्येक ठिकाणी सही करायची, महिनाअखेरीस तासिका मोजून बिल द्यायचे आणि ते मंजूर होण्याची वाट पाहायची. उन्हाळ्यात मानधन नाही. नेट-सेट आणि पीएच.डी. झालेला चाळिशीचा माणूस नव्या सत्राआधी पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभा राहतो. वर्गाबाहेर विद्यार्थ्याशी बोलायला, नवे पुस्तक वाचायला, संशोधनाचा विचार करायला त्याने वेळ आणावा कुठून? विद्यापीठ म्हणजे खरे तर हाच वेळ. तो गेला की उरतात परीक्षा आणि निकाल.

भरतीची परवानगी मंत्रालयातून येते, हे मला ठाऊक आहे. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. अधिसभेच्या प्रत्येक बैठकीपुढे विभागवार रिक्त पदांचा तक्ता ठेवा. तो वर्तमानपत्रांत छापून येऊ द्या, म्हणजे शासनालाही उत्तर द्यावे लागेल. विद्यापीठाच्या विभागांतली तासिकांची बिले ठरलेल्या तारखेला काढा. अभ्यासमंडळ अभ्यासक्रम ठरवेल तेव्हा तो प्रत्यक्ष शिकवणाऱ्या तासिकेवरच्या शिक्षकालाही बोलवा. आणि सत्र सुरू झाल्यावर अभ्यासक्रम बदलू नका; त्याचा सगळा भुर्दंड विद्यार्थ्याला पडतो.

येत्या शैक्षणिक वर्षात नवा विभाग, नवे केंद्र किंवा नवी समिती जाहीर करण्याआधी एवढे करावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
संलग्नित महाविद्यालयातील एक प्राध्यापक