तमाम लोकांस कळविण्यात येते की...

दोस्तांनो, उद्या सकाळी वर्तमानपत्र आलं की क्रिकेटचं पान उघडायच्या आधी आतल्या एका पानावर नजर टाका. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत चौकोनच्या चौकोन छापलेले असतात. वर लिहिलेलं असतं ‘जाहीर नोटीस’. मोठी माणसंही बहुधा हे पान वाचत नाहीत. भेळेच्या पुड्याला मात्र ते हमखास येतं! पण कुणाची तरी जमीन किंवा घर या हातातून त्या हातात जाणार असतं, त्याची ही दवंडी असते. पूर्वी ढोल वाजवून द्यायचे, आता छापून देतात. तिची भाषा अशी :

‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका तमुक येथील गट नं. अमुक, क्षेत्र ० हे. २० आर, यांसी चतुःसीमा येणेप्रमाणे... ही मिळकत मालकांनी आमचे अशील यांना निर्वेध व बोजारहित असल्याची खात्री देऊन कायम खरेदी देण्याचे कबूल केले आहे. तरी सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, वारसा, पोटगी, कूळ, वहिवाट अगर अन्य कोणताही हक्क असल्यास १४ दिवसांच्या आत लेखी पुराव्यानिशी कळवावे.’

बाप रे! एका दमात म्हणून दाखवा पाहू. आज आपण हा चौकोन फोडून बघणार आहोत, नारळासारखा. आत खोबरं आहे.

‘मौजे’ म्हणजे गाव. ‘अशील’ म्हणजे वकिलाचं गिऱ्हाईक. ‘चतुःसीमा’ म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, दक्षिणेला ओढा की रस्ता आणि उत्तरेला कुणाचं शेत. सगळं सोपं आहे. गंमत आहे ती क्षेत्रात. वीस आर म्हणजे दोन हजार चौरस मीटर. पण गावातले आजोबा आर म्हणत नाहीत, ते ‘गुंठे’ म्हणतात. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन, १०८९ चौरस फूट. आता हे ३३ आलं कुठून? इंग्रजांच्या मोजणीची गुंटर साखळी ६६ फूट लांब होती. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे नेमकी तेवढीच, ६६ फूट! मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी होती तिच्या निम्मी, ३३ फुटांची. तेव्हा अर्ध्या पिचएवढी बाजू असलेला चौकोन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. नोटिशीतले वीस आर म्हणजे किती गुंठे, ते तुम्हीच काढा.

या जमिनीचा मालक कोण, हे बघायला लोक ‘सातबारा’ मागतात. नाव ऐकलंय ना? गावचा हिशेब ठेवायचे सरकारी नमुने असतात. त्यातला सातवा नमुना जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते सांगतो आणि बारावा तिथे काय पिकतं ते. दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून सात-बारा. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की ‘फेरफार’ होतो, म्हणजे सहाव्या नमुन्यात नोंद होते आणि मग सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. शहरात सातबाऱ्याच्या जागी ‘प्रॉपर्टी कार्ड’ असतं, मराठीत मिळकत पत्रिका. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा संगणकावरही मिळू लागला.

सातबाऱ्यावर दोन मजेदार अक्षरगट सापडतात. एक ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरातल्या मोठ्या भावाचं नाव सगळ्यांच्या वतीनं लावलेलं असे, त्याची ही खूण. दुसरा ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. रागावू नका हं, पण कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना ‘अज्ञान’ म्हणतात! तुम्ही परीक्षेत पहिले आलात तरी अज्ञानच. पण या अज्ञानाच्या नावावर घर-जमीन असू शकते. आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे मुलाच्या स्वतःच्या नावाची स्थावर मिळकत आईवडिलांनाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आहात की नाही रुबाबात?

एक मात्र लक्षात ठेवायचं. सातबारा हा सरकारी शेतसाऱ्यासाठी ठेवलेला हिशेब आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की सिद्ध झाली असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकीचा खरा पुरावा म्हणजे दस्त.

दस्तातही पायऱ्या आहेत. सौदा ठरला की घेणारा थोडी रक्कम हातावर ठेवतो, ती ‘इसार’. कुणी ‘विसार’ म्हणतात. मग होतं ‘साठेखत’ : मी अमुक दिवसांत अमुक किमतीला विकीन, असं वचन. आणि पैसे पुरते दिल्यावर होतं ‘खरेदीखत’. वचन म्हणजे वस्तू नव्हे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा स्पष्टच सांगतो, की नुसत्या विक्रीच्या करारानं मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. साखरपुडा आणि लग्न यांत जेवढा फरक, तेवढाच हा!

खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदवावं लागतं. स्थावर मिळकत शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची असेल तर नोंदणी सक्तीची, असं १९०८ चा नोंदणी कायदा म्हणतो. आता शंभर रुपयांत धड पिशवीभर भाजी येत नाही, तरी तो आकडा तसाच! नोंदणीच्या वेळी भरायचा कर म्हणजे मुद्रांक शुल्क, बोलीभाषेत ‘स्टँप ड्यूटी’. काही लोक कागदावर किंमत मुद्दाम कमी दाखवतात. म्हणून सरकार दरवर्षीच्या दरांचा एक तक्ता ठेवतं, त्याला सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतात. कागदावरची किंमत आणि तक्त्यातली किंमत, यातली जी जास्त तिच्यावर शुल्क. नोंदणी झाली की एक गोषवाऱ्याचा कागद मिळतो, ‘इंडेक्स टू’. घरातल्या फायलीत शोधा, सापडेल.

आता वळूया त्या लांबलचक माळेकडे : गहाण, दान, वारसा, पोटगी, कूळ, वहिवाट. हे सगळे दुसऱ्यांचे हक्क. विकणारा एक असला तरी त्या जमिनीच्या मागे आणखी किती माणसं उभी असतील ते या माळेत मोजलेलं असतं. घटस्फोट झालेल्या बाईची पोटगी त्यात असेल, पिढ्यान्‌पिढ्या शेत कसणारं कूळ असेल, नाहीतर रोज बांधावरून जाणारा शेजारी असेल. आणि चौदा दिवसांत कुणी बोललं नाही म्हणून एखाद्याचा खरा हक्क बुडत नाही बरं का. त्याच्या गावात ते वर्तमानपत्र पोचलंच नसेल तर?

यातल्या ‘वारसा’ या शब्दापाशी जरा थांबू या. मुलींनी तर नक्कीच थांबा. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळे तो फक्त मुलग्यांना. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं मुलींनाही तो मिळाला, पण त्याआधी ज्यांची लग्नं झाली होती त्या सुटल्या. २००५ मध्ये देशभर कायदा बदलला आणि मुलगी मुलग्याच्या बरोबरीला आली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्माचाच आहे; २००५ साली वडील हयात होते की नव्हते याचा प्रश्न नाही. (इतर धर्मीयांचे वारसाचे नियम वेगळे आहेत.)

कायदा असा, पण प्रत्यक्षात काय होतं? आजोबा जातात. महिन्या-दोन महिन्यांत आत्याला निरोप येतो, ‘ताई, येऊन जरा सही करून जा.’ त्या कागदाचं नाव ‘हक्कसोडपत्र’. नाव किती साधं! त्यावर सही केली आणि त्याची नोंदणी झाली की आत्याचा हिस्सा भावांच्या नावे होतो. कधी ती खरंच राजीखुशीनं देते, तो तिचा अधिकारच आहे. पण पुष्कळदा तिला कागद वाचूनही दाखवत नाहीत, आणि तीही विचारत नाही, कारण विचारलं तर माहेर तुटेल अशी धास्ती असते. भाऊबीजेच्या साडीवर कितीतरी एकर भावांकडे गेले असतील! माझं मत विचाराल तर सही करण्याआधी कागद मोठ्यानं वाचून मागणं हा भांडखोरपणा नव्हे. तुमच्या घरात असा प्रसंग आला तर आत्याला तो कागद तुम्हीच वाचून दाखवा. तुम्हाला वाचता येतं ना?

याची दुसरी बाजूही आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देऊ केली.

राहिला ‘गहाण’. कर्जाच्या हमीसाठी मिळकत अडकवून ठेवायची, म्हणजे गहाण. जमीन सावकाराच्या ताब्यात दिली तर ‘ताबेगहाण’. मालकाकडेच ठेवली आणि सावकारानं नुसती नजर ठेवली तर ‘नजरगहाण’. शब्द कसा चपखल आहे! या कागदांपायी महाराष्ट्र एकदा पेटला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. बहुतेक ठिकाणी त्यांना माणसं मारायची नव्हती, त्यांना पाहिजे होती कर्जरोखे आणि गहाणखतं. ती हिसकावून जाळली. कारण कागदावर काय लिहिलंय ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, अंगठा मात्र त्याचा होता. सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. न्यायाधीशांनी नुसता कागद न बघता व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासावा, असं त्यात ठरलं.

आजचं गृहकर्ज हेही गहाणच. बँकेला घराची मूळ कागदपत्रं द्यायची आणि घरात आपण राहायचं. ‘हप्ता’ हा शब्द तुमच्या घरी महिन्याच्या सुरुवातीला ऐकू येत असेल. त्यात दोन भाग असतात : ‘मुद्दल’ म्हणजे घेतलेली मूळ रक्कम, आणि ‘व्याज’ म्हणजे तिचं भाडं. समजा वीस लाख रुपये वीस वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले. हप्ता साधारण १७,९९५ रुपये येतो. पहिल्या महिन्याचं व्याजच होतं १५,०००! म्हणजे मुद्दल फिटलं फक्त २,९९५. दहा वर्षं, अर्धी मुदत, इमानानं हप्ते भरले तरी सुमारे १४ लाख २० हजार बाकीच असतात. वीस वर्षांत एकूण भरले जातात जवळजवळ ४३ लाख. हेच कर्ज पंधरा वर्षांचं घेतलं तर हप्ता २०,२८५ होतो, फक्त २,२९० नं जास्त, पण व्याजाचे सुमारे ६ लाख ६७ हजार वाचतात. चक्रवाढ व्याजाचं गणित अवघड म्हणून सोडून देणाऱ्यांनो, ऐकताय ना?

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आणखी एक शब्द, ‘कार्पेट’. सतरंजी अंथरता येईल एवढी घरातली जागा. पूर्वी जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती असं सगळं मिळवून ‘बिल्टअप’, ‘सुपर बिल्टअप’ असे फुगवलेले आकडे सांगत. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यानं कार्पेट म्हणजे काय ते ठरवून टाकलं : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. इमारत बांधणाऱ्यानं हेच क्षेत्र सांगायचं. शिवाय करार नोंदवण्याआधी त्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. मोजपट्टी घ्या, आपलं घर मोजा आणि करारातल्या आकड्याशी ताडून बघा.

आणि ‘बोजा’? कर्जाची जी नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बसते, तो बोजा. कर्ज फिटलं की तो आपोआप उठेल असं धरून चालू नये. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायचा, अर्ज द्यायचा, फेरफार करून घ्यायचा. मूळ कागद परत द्यायला बँका पूर्वी फार रेंगाळत. रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये नियम केला, की कर्ज पुरतं फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचे, आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला. तेव्हा घरी कुणाचं कर्ज नुकतंच फिटलं असेल तर पेढे खाता खाता विचारा, ‘कागद आले का? आणि बोजा उतरवला का?’