कपड्यांची पावडर आणि अनर्थदंड



दशलक्षण पर्वात शौच धर्माच्या दिवशी आपण दरवर्षी ऐकतो, की शौच म्हणजे अंगाची-कपड्यांची स्वच्छता नव्हे. लोभ सुटणं म्हणजे शौच. मी तर लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. गेल्या भाद्रपदात ते प्रवचन ऐकून घरी आले आणि ह्यांचं अभिषेकाचं धोतर बादलीत भिजवायला घेतलं. एक चमचा पावडर घातली. मग वाटलं, पूजेचं वस्त्र आहे, चार लोकांत शुभ्र दिसायला नको का? म्हणून वर आणखी एक मूठ. मूठ पाण्यात गेली आणि मग मला माझंच हसू आलं. आत्ता ऐकून आलो काय आणि करतोय काय!

तेव्हा नुसतं हसून सोडून दिलं. पण त्याच सुमारास ह्यांच्या कमरेला आणि पाठीला खाज सुटत होती. मलम झालं, जेवणातलं पथ्य झालं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "काकू, कपड्यांना पावडर किती घालता?" मला जरा रागच आला. माझ्या धुण्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. त्यांनी सांगितलं, घरी जा, धुतलेले दोन-तीन टॉवेल पावडर न घालता नुसत्या पाण्यात मशीनला लावा आणि काचेतून बघा.

मी स्टूल घेऊन मशीनपुढे बसले. दहा मिनिटांत काचेला फेस! पावडरीचा कणही न घालता. म्हणजे आदल्या धुण्यातला साबण त्या टॉवेलांत तसाच होता आणि त्याच टॉवेलांनी आम्ही अंग पुसत होतो. टॉवेल कडक होतात, पाणी टिपत नाहीत, म्हणून मी वर आणखी ते वासाचं कंडिशनरही घालत होते. त्याचा थर धाग्यांवर बसला की टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पाणी आणखीच कमी टिपतो.

मी बी.कॉम. झालेली बाई. घरात जी वस्तू फोडते तिच्यावर तारीख लिहायची सवय आहे. वहीत पाहिलं, तर दोन किलोचं पाकीट सत्तावीस दिवसांत संपत होतं. रोजचं एक धुणं धरलं तर धुण्याला पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास. आता मी तीस ग्रॅम घालते आणि तेच पाकीट दोन महिने ओलांडतं. कपड्यांत फरक? सूनबाईला महिनाभर सांगितलंच नव्हतं. तिला कळलं ते पाकीट संपेना तेव्हा.

आता थोडं कारण सांगते, कारण आपल्या डोक्यात फेस म्हणजे स्वच्छता हे पक्कं बसलेलं आहे. मळ काढतो तो साबणाचा अंश. फेस ही नुसती दिसायची गोष्ट. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी कमी असतं आणि कपडे एकमेकांवर आपटून, घासून स्वच्छ होतात. फेस जास्त झाला की तो गादीसारखा मध्ये येतो, कपडे नीट आपटतच नाहीत. काही मशीनं फेस ओळखून आपणहून आणखी एकदा खळबळून काढतात, म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाया. आणि जाहिरातीतलं ते निळसर पांढरंपण! पावडरीत एक चमक आणणारं द्रव्य असतं. ते कापडाला चिकटून राहतं आणि उन्हात निळसर उजेड फेकतं. आत्याबाई शेवटच्या पाण्यात नीळ घालायच्या तसाच हा प्रकार. डाग तिथेच असतो, डोळ्याला पांढरं दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. मशीनच्या दाराला जी रबराची गोल पट्टी असते ती मागे सारून पाहा. माझ्या पट्टीत काळी बुळबुळीत बुरशी होती. न विरघळलेला साबण, कंडिशनर आणि ओल यांवर ती पोसते. पावसाळ्यात पापड-लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून आपण किती जपतो, जीवोत्पत्ती होईल म्हणून. आणि इथे मी रोज तिला खाऊ घालत होते आणि मग घासून काढत होते.

आपल्याकडे गृहस्थाची आरंभी हिंसा टळत नाही असं मानलं आहे. चूल, केर, धुणं यांत हिंसा होतेच आणि ती यत्नाने कमीत कमी करायची. याबद्दल वाद नाही. पण ज्यात आपलं काहीच काम होत नाही अशा हिंसेला अनर्थदंड म्हटलं आहे, आणि त्यातच प्रमादचर्या येते: विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण माती उकरणं, विनाकारण झाडं-पानं तोडणं. माझं म्हणणं एवढंच, की पहिले तीस ग्रॅम आरंभात मोडतात, वरचे पंचेचाळीस अनर्थदंडात. त्यांनी कपडा स्वच्छ झाला नाही, मळाचा कणही जास्त निघाला नाही.

आपण पाणी गाळून घेतो. दुहेरी कापड, आणि गाळण्यातली जिवाणी ज्या पाण्यातली त्याच पाण्यात सांभाळून परत सोडायची. आत्याबाई आडाच्या काठावर वाकून, बादली पाण्याला टेकवून जिवाणी सोडायच्या, वरून ओतायच्या नाहीत. म्हणजे पाणी घरात कसं येतं एवढंच नाही, परत कसं जातं तेही त्या बघत होत्या. आपण येतानाचं पाणी गाळतो आणि जातानाचं फेसाळून गटारीत सोडतो. तिथून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. आमच्या भागात पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिच्यावर जलपर्णी पसरलेली आणि काठाला मेलेले मासे लागलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. साबणाचा अंश माशांच्या कल्ल्यांना बाधतो, आणि सांडपाण्यातल्या खतासारख्या द्रव्यांवर जलपर्णी माजते.

हे मी मंडळात बोलले तर एक आक्का म्हणाल्या, "नदी काय तुझ्या चमच्यानं घाण झाली? कारखान्यांचं पाणी बघ की." बरोबर आहे त्यांचं. कारखान्यांचं आणि शहरांच्या मैलापाण्याचं माप माझ्या चमच्यापुढे डोंगराएवढं आहे आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण रात्रीभोजन सोडताना आपण शेजारी सोडतो का हे विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या खात्यावरची बाकी दाखवून माझं खातं मिटत नाही, एवढं तर कॉमर्समध्ये शिकवलं.

अडचणी आहेत. बोअरचं जड पाणी असेल तर पावडर थोडी जास्त लागते. शेतातले कपडे, बाळाची दुपटी यांना वेगळा विचार. मी सदऱ्याची कॉलर आणि बाह्या वडीने आधी घासून घेते, मळके कपडे अर्धा तास साध्या पाण्यात भिजवते आणि मशीन गच्च भरत नाही. उन्हाचा दिवस असेल तर टॉवेल उन्हातच. इंटरनेटवर कुणी शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालायला सांगतात. ते आपल्या घरात येत नाही, आणि त्याच्यावाचून माझं अडलंही नाही. तुम्ही एकदम निम्म्यावर येऊ नका. आठवड्याला थोडी थोडी कमी करत जा, कपड्यांना वास किंवा मळकटपणा राहिला तर एक पायरी वर या. प्रत्येकीचं पाणी वेगळं, मशीन वेगळं.

ह्यांची खाज महिन्या-दीड महिन्यात गेली. पावडरीमुळेच होती असं मी छातीठोक सांगणार नाही, मलमही चालूच होतं. धोतर मात्र पूर्वीइतकं निळसर चमकत नाही, सुताचा जो पांढरा रंग असतो तसं दिसतं. पहिल्या दिवशी अभिषेकाला ते नेसून निघाले तेव्हा मी दारातून दोनदा पाहिलं. मंदिरात कुणाचं लक्षही गेलं नाही. सूनबाईने पावडरीच्या चमच्यावर तिच्या लाल नेलपॉलिशने रेघ मारून ठेवली आहे, आणि ती रेघ ओलांडली की आता नातू मला ओरडतो.