जुन्या गाडीच्या इंजिनाला बफ मारण्याआधी एवढं वाचा



आपल्या शहागडच्या पुलावरून अधूनमधून एखादी जुनी बुलेट, येझदी नाहीतर राजदूत चकचकीत होऊन जाते. पोरांना हौस आहे, चांगलंय. पण एक गोष्ट खटकते, म्हणून लिहितोय.

चमक यावी म्हणून इंजिनाला इतका बफ मारतात की केसवरची ओतीव अक्षरंच जातात. ॲल्युमिनियमचा रस साच्यात ओतला की कंपनीचं नाव, पार्ट नंबर, साच्याची खूण त्यातच उठते. ही अक्षरं वर आलेली असतात. इंजिन नंबर नंतर पंचने ठोकतात, तो आत गेलेला असतो. पंच बाजारात कुणालाही मिळतो, ओतीव अक्षर मात्र घरी बसून उठवता येत नाही.

उदाहरण घ्या. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९७३ पासून गाडीला येझदी नाव दिलं. कुणी '१९६८ ची ओरिजनल जावा' म्हणून दाखवतोय आणि कव्हरवर येझदी ओतलेलं असेल, तर काहीतरी बदललंय हे नक्की. कव्हर स्क्रू काढले की निघतं, म्हणून आतला क्रँककेसही बघा. नंबरच्या जागी घासल्याच्या रेघा आहेत का? काही इंजिनांत ती जागा कंपनीतच सपाट केलेली असते, तेव्हा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहा.

हे मी फसून शिकलो. चमक बघून गाडी घेतली, नावावर करायच्या वेळी नंबर जुळेना. गाडी चोरीची नाही हे पटवता पटवता नाकी नऊ आले. विकणारा फोन उचलत नव्हता.

आता २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. खुणाच घासून टाकल्या तर गाडी मूळ रूपात आहे हे दाखवणार कशावर?

कुणी म्हणेल, गाडी माझी, मर्जी माझी. बरोबर आहे. कव्हरला खुशाल बफ मारा, फक्त ओतीव अक्षरं आणि नंबरची जागा सोडा. आणि दारात आजोबांची राजदूत उभी असेल, तर भंगारात किलोवर देण्याआधी रॉकेल अन् जुन्या टूथब्रशने केस पुसा, खुणांचे फोटो काढून ठेवा. एकदा वितळली की परत वाचता येणार नाही.