पन्हळी पुठ्ठ्याची शिदोरी

प्रवासास निघालेल्या माणसाच्या हाती शिदोरी देणे ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. दशम्या फडक्यात बांधाव्यात, दहीभात केळीच्या पानात गुंडाळावा, पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण लावावेत, हे सर्व आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने ठरविले होते. ओडिशा-झारखंडकडे हेच काम सालवृक्षाच्या पानांनी केले, तर बंगालमध्ये मिष्टी दही मातीच्या भांड्यात विसावले. अन्न कोणते आणि ते किती दूर जावयाचे आहे, यावरून त्याचे पात्र ठरावे, हा विचार या सर्वांच्या मुळाशी होता.

आज शिदोरीची दिशा उलटली आहे. माणूस घरीच असतो आणि अन्न प्रवास करून त्याच्या दाराशी येते. दुचाकीच्या मागील पिशवीतून आलेली तपकिरी पुठ्ठ्याची पेटी आपण उघडतो, आतील पदार्थ काढून घेतो आणि पेटी टाकून देतो. या महिन्यात त्या टाकून दिलेल्या पेटीकडे आपण थोडे निरखून पाहू. कारण अन्नाची चव, घरातल्यांचे आरोग्य आणि एखाद्या कष्टाळू गृहिणीची कमाई, या तिन्ही गोष्टी त्या पेटीत सामावलेल्या असतात.

आमच्या परिचयाच्या एक बाई इंदूर येथे राहतात. पतीच्या निवृत्तीनंतर त्यांनी घरूनच साबुदाणा वडे आणि कोथिंबीर वडी करून देण्याचा उद्योग आरंभिला. हाताला चव होती, मागणीही चांगली येऊ लागली. पण पावसाळा सुरू झाला आणि तक्रारी येऊ लागल्या : वडे मऊ पडतात, पेटीचा तळ ओला होतो, झाकण खचते. तीन-चार नेहमीची घरे दुसरीकडे वळली. बाईंनी तेल बदलले, भिजवणीचे प्रमाण बदलले, तरी फरक पडला नाही. दोष कढईत नव्हताच. तो पेटीत होता.

तो कसा, हे समजण्यासाठी पुठ्ठ्याची रचना पाहावयास हवी. पेटीचा एक कोपरा फाडून पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटविलेला दिसेल. घरावरील पन्हळी पत्रा आपण पाहतोच. साधा पत्रा वाकेल, पण त्यालाच पन्हळी पाडल्या की तो माणसाचा भार सोसतो. कागदाचेही तसेच आहे. प्रत्येक पन्हळ ही एक लहानशी कमान असते, आणि कमानींत कोंडलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच हलका असूनही हा पुठ्ठा बळकट असतो आणि अन्नाची ऊबही काही काळ राखतो.

या कागदाचा जन्म मात्र स्वयंपाकघराजवळ झालेला नाही. इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी १८५६ साली अशा चुणीदार कागदाचे एकस्व घेतले, ते पुरुषांच्या उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी. अमेरिकेत आल्बर्ट जोन्स याने १८७१ मध्ये बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचा उपयोग केला, आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग याने पन्हळींना सपाट कागदाची जोड देऊन त्यांना स्थैर्य आणले. पुढे १८७९ च्या सुमारास ब्रुकलिन येथील रॉबर्ट गेअर याच्या कारखान्यात कागदी पिशव्या छापताना घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. या चुकीवरून गेअरला सुचले की कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात उरकता येतील. सपाट येणारी आणि हातांनी दुमडून क्षणात उभी राहणारी पेटी ही त्या चुकीची देणगी होय. १९६० च्या दशकात अमेरिकेत पिझ्झा घरपोच देणाऱ्यांनी पन्हळी पेटी वापरात आणली आणि मग ती जगभर पसरली.

पन्हळींचे प्रकार इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात, पण त्या अक्षरांचा क्रम जाडीचा नव्हे. ‘बी’ पन्हळीचा पुठ्ठा सुमारे तीन मिलिमीटर, ‘ई’चा सुमारे दीड मिलिमीटर, तर ‘एफ’चा एक मिलिमीटरहूनही कमी जाड असतो. जड पदार्थ दूर जावयाचा असेल तर ‘बी’ बरी. एका घरच्या खाण्याच्या लहान पेटीला ‘ई’ बहुधा पुरते, तिच्यावर छपाईही स्वच्छ उठते. जाड तेवढे चांगले असे समजून उगाच खर्च वाढविण्यात अर्थ नाही.

पन्हळींची दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. एक साधा प्रयोग करून पाहा. पुठ्ठ्याची एक पट्टी पन्हळी उभ्या राहतील अशी दोन बोटांत धरून वरून दाबा, आणि दुसरी पन्हळी आडव्या ठेवून दाबा. पहिली ताठ उभी राहील, दुसरी लवकर चेमटेल. एकाच तावातून दुमडलेल्या पेटीत दोन भिंतींच्या पन्हळी उभ्या येतात आणि उरलेल्या दोन भिंतींच्या आडव्या. या आडव्या पन्हळींच्या भिंती दुहेरी घडी घालून बळकट करता येतात. पेट्या एकावर एक रचल्या जाणार असतील, तर हा विचार आराखडा काढतानाच व्हावयास हवा.

आता बाईंच्या वड्यांकडे वळू. कढईतून काढलेल्या वड्यातून वाफ निघत असते. पेटी घट्ट बंद केली की ती वाफ गार झाकणाला लागते, तिचे पाणी होते आणि तेच थेंब कुरकुरीत आवरणावर पडतात. उरलेली वाफ पुठ्ठा पितो. पुठ्ठ्यातील कागद चिकटविण्यासाठी बहुधा मक्याच्या स्टार्चची खळ वापरतात. ओलाव्याने कागदाचे तंतू सैल होतात आणि खळही मऊ पडते. अतिदमट हवेत पुठ्ठ्याची भार सोसण्याची शक्ती निम्म्यावर येऊ शकते. इंदूरचा पावसाळा आणि वड्यांची वाफ, असा दुहेरी मारा त्या पेटीवर होत होता.

बाईंनी मग एका दुपारी परीक्षा घेतली. एकाच घाण्याचे वडे तीन पेट्यांत भरले. पहिली पूर्ण बंद होती. दुसरीच्या झाकणाला छिद्रे पाडली होती. तिसरीच्या भिंतींना वरच्या कडेजवळ समोरासमोर अरुंद खाचा ठेवल्या होत्या, आणि तळाशी पुठ्ठ्याची चुणीदार घडी घालून तिच्यावर तेलरोधक कागद पसरला होता, म्हणजे वड्यांखालूनही हवा खेळावी. प्रत्येक पेटीवर आणखी एक भरलेली पेटी ठेवली, कारण पिशवीत ती तशीच जाते. अर्ध्या तासाने पाहिले, तर पहिलीतील वडे ओले झाले होते. दुसरीचीही तीच गत, कारण वरच्या पेटीने छिद्रे बुजवून टाकली होती. तिसरीतील वडे थोडे निवले होते खरे, पण खाताना कुरकुर वाजत होते.

या परीक्षेतून एक तडजोडही उघड झाली. वाफेला वाट द्यावी तर ऊब जाते, ऊब कोंडावी तर पदार्थ भिजतो. तळलेल्या पदार्थाला वाट द्यावी, भाताला आणि पोळीला ती कमी द्यावी, आणि रस्सा पुठ्ठ्याच्या भरवशावर मुळीच पाठवू नये. त्याला घट्ट झाकणाचे वेगळे भांडे हवे. ऊब राखणे म्हणजे अन्न सुरक्षित राखणे, असेही समजू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न अशा अवस्थेत दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये. चांगल्यात चांगली पेटीही उशिराची भरपाई करीत नाही.

अन्नाला प्रत्यक्ष लागणाऱ्या पृष्ठभागाविषयी विशेष जपावयास हवे. पुष्कळसा पुठ्ठा रद्दीपासून बनतो. जुन्या छपाईच्या शाईतील खनिज तेलाचे अंश त्यात राहू शकतात आणि ते गरम, तेलकट पदार्थात उतरतात. आपल्या देशात अन्नवेष्टनासंबंधीचे नियम २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि १ जुलै २०१९ पासून अमलात आले. त्यांनुसार अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई आहे. तेव्हा भजी वर्तमानपत्रावर निथळत ठेवण्याची सवय घरातूनही जावयास हवी. पेटीत अन्नासाठी योग्य असा कोरा कागद अंथरावा, छपाई केवळ बाहेरच्या बाजूस असावी, आणि पेटी टाचण्याऐवजी जीभ व खाच यांनी बसणारी असावी. निसटलेली तार घासात यावी, याहून वाईट ते काय!

तेल न झिरपणारा कागद घेतानाही चौकशी करावी. कित्येक वर्षे अशा कागदांवर फ्लोरिनयुक्त रसायनांचा थर देत असत. ही रसायने निसर्गात सहसा विघटन पावत नाहीत आणि शरीरात साठून राहू शकतात. अशा तेलरोधक द्रव्यांची अन्नवेष्टनासाठीची विक्री थांबली असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. पुरवठादारास याविषयी स्पष्ट विचारणे हा आपला हक्क आहे.

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे अशा अनेक वस्तूंवर बंदी आली आणि पुठ्ठ्याकडे पुष्कळांचे लक्ष वळले. पण पुठ्ठा दिसला म्हणजे पर्यावरणाचे रक्षण झाले, असे नव्हे. पेटीचा तुकडा सावकाश फाडून पाहा. ताणली जाणारी पातळ पापुद्र्यासारखी झिल्ली निघाली, तर आत प्लास्टिक आहे आणि तो कागद सहजी पुन्हा वापरात येणार नाही. झिल्ली नसेल तर कोरडा, स्वच्छ भाग रद्दीवाल्याकडे द्यावा. कागदाचे तंतू पाच-सात वेळा नव्या कागदात रूप घेऊ शकतात. तेलाने माखलेला भाग मात्र रद्दीत मिसळू नये, कारण तेल लगद्याची नासाडी करते. तो बारीक फाडून ओल्या कचऱ्याबरोबर खतात जाऊ द्यावा.

बाईंची पेटी आता पूर्वीपेक्षा थोडी महाग पडते. तो वाढीव खर्च त्यांनी पेटीवरील रंगीत छपाई कमी करून भरून काढला. गळालेल्या घरांपैकी दोन परत आली, बाकीची आली नाहीत. जवळच राहणारी काही गिऱ्हाइके मात्र आता घरचाच स्टीलचा डबा पाठवतात. या साऱ्या पेट्यांत तोच सर्वांत उत्तम, असे त्या हसून सांगतात, आणि ते खरेच आहे, कारण तो टाकावाच लागत नाही.

पुढच्या वेळी दारात पेटी आली की ती उघडण्यापूर्वी क्षणभर हातात धरून पाहा. तळ कोरडा आहे का, वाफेला वाट ठेवली आहे का, आत कोरा कागद आहे का, हे तपासा. उणीव दिसली तर पाठविणाऱ्यास ती सौजन्याने कळवा. नुसते ‘वडे मऊ होते’ एवढेच सांगितले, तर बिचारी गृहिणी पुन्हा कढईलाच दोष देत बसेल.