नजर पुन्हा फिरवून पाहा

आमची अम्मी रात्री निजण्यापूर्वी सूरह अल-मुल्क पढायची. ऐकून ऐकून ती आम्हा भावंडांना पाठ झाली, पण अर्थ मला कळला बी.एड. करत असताना, मराठी तर्जुमा हाती आला तेव्हा. तिसऱ्या-चौथ्या आयतीचा आशय असा: रहमानच्या निर्मितीत तुला कुठे विसंगती दिसणार नाही, नजर फिरवून पाहा, कुठे तडा दिसतो का? पुन्हा पाहा. नजर थकून तुझ्याकडेच परत येईल.

डिसेंबर १९७९ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल मेजवानीत प्रा. अब्दुस सलाम यांनी याच आयती पढल्या. अंगात शेरवानी, डोक्यावर पगडी. सर्वच भौतिकशास्त्रज्ञांची श्रद्धा ही अशीच असते, जितके खोल जावे तितके आश्चर्य वाढत जाते, असे ते म्हणाले. ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्यासोबत त्यांना पारितोषिक मिळाले होते. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातले क्षीण बल मुळात एकच आहे, हा तो सिद्धान्त.

गेल्या विज्ञान दिनाला मी फलकावर लिहिलेल्या नावांत सलाम यांचेही नाव होते. एक सहकारी हळूच म्हणाले, "सर, ये नाम रहने दो. वो तो कादियानी थे." नाव मी पुसले नाही. पण तेव्हा उत्तरही दिले नाही, आणि ते मला अजून टोचते.

माझा आणि अहमदिया जमातीचा अकीदा एक नाही, हे सांगून टाकतो. पण प्रश्न अकीद्याचा होता कुठे? पाकिस्तानच्या संसदेने १९७४ मध्ये त्यांच्या जमातीला गैरमुस्लिम ठरवले. १९९६ मध्ये ते वारले. रबवा इथल्या त्यांच्या कबरीच्या दगडावर 'पहिले मुस्लिम नोबेल मानकरी' असे लिहिले होते. त्यातला 'मुस्लिम' शब्द नंतर रंगाने झाकला गेला. उरले 'पहिले नोबेल मानकरी', जे जगाच्या हिशेबात खोटेच आहे. शब्द पुसणाऱ्याला वाक्याचे काय होते याची फिकीर नसते. भाषा शिकवणाऱ्या माणसाला ते जास्तच खटकते.

आता त्या आयतीतल्या 'पुन्हा पाहा'कडे येतो. ओडिशाचे जोगेश पती आणि सलाम यांनी सत्तरच्या दशकात एक धाडसी कल्पना मांडली: अणुकेंद्रातला प्रोटॉन कायमचा टिकणारा नाही, तोही कधीतरी विघटित होईल. पण विश्वाच्या वयापेक्षा कितीतरी अधिक काळ लागणारी गोष्ट पडताळायची कशी? एका प्रोटॉनची वाट पाहत बसायचे नाही, असंख्य प्रोटॉन एकत्र ठेवून त्यांतला एखादा फुटतो का ते पाहायचे. एक टन लोखंडात साधारण ३ वर २९ शून्ये इतके प्रोटॉन असतात. वरून येणाऱ्या वैश्विक किरणांचा गोंगाट टाळायला उपकरण जमिनीत खोल न्यावे लागते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, लोखंडाचे थर रचून उपकरण उभारले. १९८०च्या सुमारास काम सुरू झाले. प्रोटॉन फुटल्यासारख्या काही खुणा त्यांना मिळाल्याही, पण इतरत्र त्यांना दुजोरा मिळाला नाही. जपानच्या सुपर-कामिओकांदेमध्ये पन्नास हजार टन पाण्यावर अनेक वर्षे नजर ठेवली गेली. प्रोटॉन काही फुटला नाही.

म्हणजे ज्या माणसाने नोबेलच्या मेजवानीत कुरआन पढले, त्याच्या एका लाडक्या कल्पनेला प्रयोगाने अजून तरी होकार दिलेला नाही. याने त्याचा ईमान कमी होत नाही, की भौतिकशास्त्रातली त्याची उंचीही घटत नाही. दुसरी कल्पना बघा: तिच्यातून डब्ल्यू आणि झेड नावाचे जे कण असायला हवे होते, ते १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले.

विज्ञानातला शोध लागला की दुसऱ्या दिवशी 'हे आमच्या किताबात आधीच होते' असा संदेश मोबाइलवर फिरवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. (इतरांतही आहेत, पण आधी आपले अंगण.) मग कुणी कोलारला दोन किलोमीटर खाली कशाला उतरेल? परवेज हुडभॉय यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सलाम यांनी स्वच्छ लिहिले आहे की विज्ञान सगळ्यांचे एकच असते. वाइनबर्ग नास्तिक आणि आपण श्रद्धावान, पण दोघे वेगवेगळे काम करत एकाच सिद्धान्तापाशी पोचलो, हेच उदाहरण ते देतात. श्रद्धेने त्यांना विश्वात एकसूत्रता शोधायची ओढ दिली असेल. गणित मात्र रात्री जागून करावे लागले, आणि निकाल प्रयोगाच्या हाती सोपवावा लागला.

येत्या विज्ञान दिनाला फलक लिहायची पाळी पुन्हा माझ्याकडे आहे. या वेळी नावाशेजारी कोलारच्या खाणीचे चित्र काढायचे ठरवले आहे. आठवीतल्या एका मुलीने आत्ताच विचारून ठेवले आहे, "सर, प्रोटॉन फुटलाच नाही, तर मग ते लोक खाली काय बघत बसले होते?"